भुसा बदलला आहे

सागाच्या ओंडक्यातून जेवढे लाकूड प्रत्यक्षात खुर्चीत, पलंगात किंवा कपाटात पोहोचते त्याहून अधिक लाकूड भुसा, ढलप्या आणि निरुपयोगी ठरलेले तुकडे यांच्या रूपाने वाटेत गळून पडते, ही गोष्ट तयार वस्तूकडे पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. ओंडका गोल असतो आणि फळी चौकोनी, त्यामुळे कापणीच्या पहिल्याच टप्प्यावर सालीकडचे अर्धगोल काप बाजूला पडतात. शिवाय करवतीचे पाते प्रत्येक वेळी आपल्या जाडीएवढ्या लाकडाचा भुसा करून टाकते. चांगल्या गिरणीतही ओंडक्याच्या साधारण ५० ते ६० टक्के भागाच्याच फळ्या होतात. पात्याची जाडी ही वरवर क्षुल्लक वाटणारी बाब येथे किती निर्णायक ठरते हे साध्या हिशेबाने कळते: २५ मिलिमीटर जाडीच्या फळ्या काढताना ६ मिलिमीटरचा काप घेणारी जुनी गोल करवत जवळपास १९ टक्के लाकूड भुशात घालवते, तर अडीच मिलिमीटरचा काप घेणारी पट्ट्याची करवत, म्हणजे कारखान्यात सगळे जिला बँड सॉ म्हणतात ती, हेच काम ९ टक्क्यांत भागवते.

गिरणीतून आलेली फळी सुताराच्या हाती पडल्यावर गळतीचा दुसरा टप्पा सुरू होतो. खडबडीत फळी दोन्ही बाजूंनी रंधून सपाट करावी लागते आणि २५ मिलिमीटरची फळी रंधून १९ मिलिमीटरवर आली की तिचा जवळजवळ चौथा हिस्सा छिलक्यांच्या रूपाने जमिनीवर पडलेला असतो. त्यानंतर गाठी, चिरा, टोकाकडचे फाटलेले भाग आणि सालीलगतचे कच्चे, कीड लवकर लागणारे लाकूड काढून टाकले जाते; मग सांध्यांच्या खाचा, गोलाई, भोके आणि शेवटी घासकाम. या सगळ्या टप्प्यांचा गुणाकार केला तर मूळ ओंडक्याचा साधारण एक तृतीयांश भाग वस्तूत उरतो. आलापल्लीच्या किंवा चंद्रपूरच्या जंगलात सागाचे झाड तोडण्याजोगे होण्यासाठी कित्येक दशके जावी लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे हा हिशेब केवळ कारखानदाराच्या नफ्यातोट्यापुरता उरत नाही.

यातील बराचसा भाग अटळ आहे, कारण झाड गोलच वाढणार आणि पात्याला जाडी असणारच. पण सगळाच अटळ नाही. लाकडी कचऱ्याच्या व्यवस्थापनाची चर्चा बहुधा भुशाचे पुढे काय करायचे या प्रश्नापासून सुरू होते, वास्तविक ती आखणीच्या टेबलापासून सुरू व्हायला हवी. शहरी घरांतील बहुतेक कपाटे आज प्लायवुडची किंवा तत्सम तक्त्यांची असतात आणि हा तक्ता बाजारात प्रामुख्याने ८ फूट बाय ४ फूट या मापात मिळतो. कपाटाची दारे ७ फूट उंच आणि २ फुटांहून किंचित कमी रुंद ठेवली, तर एका तक्त्यातून दोन दारे निघून वर १ फुटाची पट्टी उरते, म्हणजे ३२ चौरस फुटांपैकी सुमारे २८ चौरस फूट कामी येतात आणि उरलेल्या पट्टीतून खणाच्या बाजू किंवा तळपट्टी काढता येते. हीच दारे आराखडा करणाऱ्याने २५ इंच रुंद धरली, तर ४८ इंचांच्या तक्त्यात दुसरे दार मावत नाही आणि २३ इंचांचा, दारासाठी निरुपयोगी असा लांबलचक पट्टा बाजूला पडतो. एका इंचाच्या फरकाने तक्त्याचा निम्मा भाग मूळ कामातून बाद होतो, आणि हा निर्णय करवतीपाशी नव्हे तर कागदावर, बहुधा तक्त्याचे माप डोळ्यांसमोर न ठेवता घेतलेला असतो.

मोठ्या कारखान्यांत आता संगणकावर सर्व भागांची मापे भरून ते तक्त्यावर कमीत कमी नासाडीने कसे बसतील याची मांडणी करून घेतात, त्यानुसार यंत्र आपोआप कापत जाते. परंतु ही सोय नसलेल्या मिस्त्रीलाही कापण्यापूर्वी सर्व भागांची यादी करणे, मोठे भाग आधी आणि लहान भाग उरलेल्या पट्ट्यांतून काढणे आणि शिल्लक तुकड्यांवर खडूने माप लिहून ते उभे रचून ठेवणे शक्य असते. ज्या तुकड्यावर माप लिहिलेले नाही तो पुढच्या कामाच्या वेळी कोणी शोधत बसत नाही, नवा तक्ता फाडणे सोपे पडते आणि तुकड्यांचा ढीग वाढत जाऊन एके दिवशी टेम्पोत भरला जातो. लहान कारखान्यांतील नासाडीचा मोठा भाग अशा साध्या विस्मरणातून होतो. सनमायकासारख्या लॅमिनेटवर किंवा लाकडाच्या पातळ पापुद्र्यावर, म्हणजे व्हिनिअरवर, रेषांची दिशा जुळवण्याचा आग्रह असेल तर तुकडे फिरवून बसवता येत नाहीत आणि नासाडी आणखी वाढते. ग्राहकाला ही किंमत आधी सांगितली गेली तर तो कदाचित आग्रह सोडेलही.

एकदा निर्माण झालेल्या भुशाचे आणि तुकड्यांचे काय होते, हा प्रश्न महाराष्ट्रातील गावांना आणि शहरांना काही दशकांपूर्वी फारसा पडत नव्हता, कारण त्या वस्तूंना गिऱ्हाईक होते. लाकडाच्या वखारीतील ढलप्या पाणी तापवण्याच्या तांब्याच्या बंबासाठी विकल्या जात. बरे तुकडे पाट, पोळपाट, लाटणी आणि खुंट्या यांच्या कामी येत. बारीक भुसा सरसात कालवून सुतार स्वतःच फटी बुजवत असे. भुशाची शेगडी तर कित्येक घरांत नित्याची होती. पत्र्याच्या डब्याच्या तळाशी बाजूने एक भोक पाडायचे, डब्याच्या मधोमध बाटली उभी ठेवून तिच्याभोवती भुसा घट्ट ठासून भरायचा आणि बाटली अलगद उपसून घ्यायची, म्हणजे मध्ये जो पोकळ नळ तयार होतो त्यातून खालची हवा वर चढत राहते आणि एकदा पेटवलेला भुसा कित्येक तास धिम्या, एकसारख्या आचेने जळत राहतो. सुट्या भुशाचा ढीग पेटवला तर हवा आत न शिरल्याने तो नुसता धुमसत राहतो. घट्ट दाबणे आणि हवेला ठरलेली वाट देणे या दोन गोष्टींनी तोच भुसा उपयुक्त इंधन होतो, आणि आधुनिक भट्ट्यांचे तत्त्वही मुळात याहून फार वेगळे नाही.

बर्फाच्या लाद्या भुशात गुंडाळून ठेवण्याची रीत तर आजही पाहायला मिळते आणि तिचा इतिहास मोठा रंजक आहे. भुशाच्या कणांमध्ये आणि कणांच्या आत कोंडलेली हवा उष्णतेला सहजी वाट देत नाही. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने न्यू इंग्लंडमधील तळ्यांवर हिवाळ्यात गोठलेला बर्फ कापून, तेथील लाकूड गिरण्यांमध्ये कोणालाही नको असलेल्या भुशात तो बांधून १८३३ मध्ये कलकत्त्याला पाठवला. सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघालेल्या जहाजातील १०० टनांच्या आसपास बर्फ चार महिन्यांच्या सागरी प्रवासानंतरही शाबूत होता. पुढे मुंबईतही अमेरिकन बर्फ येऊ लागला आणि त्यासाठी खास बर्फघर बांधले गेले. ज्या भुशाला गिरणीत काहीच मोल नव्हते त्याच्यावाचून हा सगळा व्यापार उभाच राहू शकला नसता.

या जुन्या व्यवस्थेकडे पाहून आपले पूर्वज काटकसरी होते आणि आजची पिढी उधळी आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो खरा नाही. जुना भुसा वापरात येत होता याचे मुख्य कारण तो शुद्ध लाकडाचा होता हे आहे. साग, शिसव, आंबा, बाभूळ, जे काही कापले जाई त्याचाच तो चुरा असे. त्यात सरस असला तरी नाममात्र असे. तो चुलीत घातला, गोठ्यात पसरला, कोंबड्यांखाली अंथरला किंवा शेणखतात मिसळला तरी त्यातून भलतेच काही निघत नसे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत फर्निचरचे मूळ द्रव्यच पालटले, आणि त्याबरोबर कारखान्याच्या जमिनीवर पडणारा भुसाही आतून बदलला. तो दिसतो पूर्वीसारखाच, किंबहुना अधिक बारीक आणि एकसारखा. पण तो निव्वळ लाकूड राहिलेला नाही.

हा बदल घडवणारा शोध मुळात कचरा कमी करण्याच्या तळमळीतूनच लागला होता. तोडलेल्या झाडाचा निम्म्याहून कमी भाग वापरात येतो हे पाहून जर्मन संशोधक माक्स हिमेलहेबर याने लाकडाच्या बारीक चिपा कृत्रिम राळेत मिसळून, उष्णता व दाब देऊन त्यांचे तक्ते बनवण्याची पद्धत शोधली आणि १९३२ मध्ये तिचे पेटंट घेतले. १९४१ मध्ये ब्रेमेन येथे अशा तक्त्यांचे कारखानदारी उत्पादन सुरू झाले. हाच आज सर्वपरिचित असलेला पार्टिकल बोर्ड. १९६० च्या दशकात अमेरिकेत लाकडाचे तंतू वाफेने मोकळे करून त्यांचा अधिक घट्ट आणि गुळगुळीत तक्ता, म्हणजे एमडीएफ, तयार होऊ लागला. सालीकडचे काप, वाकड्या फांद्या, गिरणीतील चिपा आणि भुसा यांना या शोधाने प्रथमच मोठी, कायमची बाजारपेठ मिळवून दिली. स्वस्त फर्निचर सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले, आणि या उपकाराचे मोल कमी लेखता येणार नाही.

मात्र या तक्त्यांत लाकडाला धरून ठेवते ती बहुतांशी युरिया आणि फॉर्मल्डिहाइड यांच्यापासून बनलेली राळ, आणि तिचे प्रमाण वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास असते. फॉर्मल्डिहाइड हा तीव्र वासाचा, डोळे आणि घसा चुरचुरवणारा वायू असून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या गटात घातले आहे. तक्त्याच्या पृष्ठभागावर मेलामाइनचा थर असतो, कडांना बहुधा पीव्हीसीची पट्टी चिकटवलेली असते आणि वरून रंग किंवा पॉलिश चढते. अशा तक्त्याचा तुकडा कमी तापमानाच्या, अपुऱ्या हवेच्या भट्टीत जाळला तर राळेतील नायट्रोजनपासून नायट्रोजनची ऑक्साइडे आणि काही प्रमाणात हायड्रोजन सायनाइड, तर पीव्हीसीमधील क्लोरीनपासून हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन गटातील अत्यंत विषारी, शरीराच्या चरबीत साठून राहणारी संयुगे तयार होऊ शकतात. युरोपात कचरा जाळणाऱ्या संयंत्रांना ज्वलनवायू किमान ८५० अंश सेल्सियसला दोन सेकंद ठेवणे बंधनकारक आहे ते याच कारणासाठी. चुलीत, बंबात किंवा शेकोटीत ही स्थिती कधीच साधत नाही.

मुंबईच्या पावाच्या भट्ट्यांचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. शहरातील अनेक बेकऱ्या वर्षानुवर्षे लाकडावर चालत आल्या आणि जळाऊ लाकडाचे भाव वाढत गेले तसे मोडलेले फर्निचर, पाडलेल्या इमारतींतील दारे-खिडक्या आणि प्लायवुडचे तुकडे हे स्वस्त इंधन म्हणून त्यांच्या भट्टीपर्यंत पोहोचू लागले. रंगवलेले, राळेने चिकटवलेले आणि कधी वाळवीच्या औषधात बुडवलेले हे लाकूड दाट वस्तीत, कमी उंचीच्या धुराड्यांखाली जळत राहिले. शहरातील हवेच्या प्रदूषणासंबंधी सुनावणी करताना मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड व कोळसा वापरणाऱ्या भट्ट्यांनी सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळावे असा आदेश दिला. त्यावरची चर्चा पावाची चव, लहान व्यावसायिकांवरील खर्च आणि इराणी बेकऱ्यांचा वारसा यांभोवती फिरली, आणि हे प्रश्न खरे आहेतच. पण हा तुकडा भट्टीपर्यंत आला कसा, हे फारसे कोणी विचारले नाही. बेकरीवाल्याने स्वस्त इंधन घेतले यात त्याला एकट्याला दोष देता येत नाही. ज्या कारखान्यात किंवा घरात तो तुकडा निघाला तेथे निव्वळ लाकूड आणि राळेचे लाकूड एकाच गोणीत भरले गेले, आणि त्यानंतर त्यांना वेगळे करणे कोणाच्याच हाती राहिले नाही. बेकरीची वाट बंद झाली तरी गोणी भरतच राहणार आहे, आणि ती आता वीटभट्टीकडे, गुऱ्हाळाकडे की उघड्या मैदानावरच्या जाळाकडे जाते हे पाहणारी यंत्रणा नाही.

लाकडी कचऱ्याचे खरे मोल ठरते ते तो कशाबरोबर मिसळला आहे यावरून, ही गोष्ट जर्मनीने कायद्यातच लिहून ठेवली. तेथील २००२ च्या टाकाऊ लाकडाविषयीच्या नियमावलीने अशा लाकडाचे चार वर्ग पाडले आहेत. पहिल्यात केवळ यांत्रिक क्रिया झालेले, नैसर्गिक अवस्थेतील लाकूड येते. दुसऱ्यात चिकटवलेले, रंगवलेले किंवा लेप दिलेले, पण लेपात क्लोरीनसारखी हॅलोजन द्रव्ये नसलेले. तिसऱ्यात पीव्हीसीची कड असलेल्या फर्निचरसारखे हॅलोजनयुक्त लेपाचे. आणि चौथ्यात रेल्वेचे स्लीपर, विजेचे खांब यांसारखे कीडनाशकांत मुरवलेले. कोणता वर्ग कोठे जाळता येईल आणि कोणता पुन्हा तक्त्यांत वापरता येईल हे त्यावरून ठरते. इटलीत याहून वेगळ्या कारणाने, पण त्याच दिशेने पाऊल पडले. फर्निचरचा प्रचंड उद्योग आणि त्या मानाने देशी लाकडाचा तुटवडा अशी अडचण असलेल्या त्या देशाने १९९७ मध्ये रिलेन्यो नावाचा संघ स्थापून खोकी, पॅलेट आणि जुने फर्निचर गोळा करण्याची देशव्यापी व्यवस्था उभी केली, आणि तेथील पार्टिकल बोर्ड आज जवळजवळ संपूर्णपणे टाकाऊ लाकडापासून बनतो. खिळे, काच, प्लास्टिक वेगळे काढण्यासाठी तेथे मोठी यंत्रे लागतात, तरी तो व्यवसाय चालतो, कारण कचरा एका ठिकाणी, ठाऊक असलेल्या प्रतीचा आणि सातत्याने मिळतो.

भारतात निव्वळ लाकडाच्या कचऱ्याला आजही बऱ्यापैकी मागणी आहे, हे अनेक लहान कारखानदारांना पुरेसे माहीत नसते. कोरडा भुसा मोठ्या दाबाखाली यंत्रातून काढला की लाकडातील लिग्निन, म्हणजे तंतूंना मुळातच एकत्र धरून ठेवणारे द्रव्य, उष्णतेने मऊ होऊन तोच डिंकाचे काम करते आणि बाहेरून काहीही न मिसळता भुशाच्या घट्ट कांड्या तयार होतात. बाजारात यांना ब्रिकेट किंवा व्हाइट कोल म्हणतात. सुट्या भुशाचे वजन घनमीटरला २०० किलोच्या आसपास भरते, तर ब्रिकेटची घनता १,००० किलोच्याही पुढे जाते, त्यामुळे एरवी हवाच वाहून नेणारा ट्रक खरोखर इंधन नेऊ लागतो. कोरड्या लाकडापासून किलोमागे ४,००० ते ४,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते, म्हणजे भारतीय कोळशाच्या तोडीस तोड, आणि भारतीय कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते तेथे स्वच्छ लाकडाची राख एक-दोन टक्क्यांपुढे सहसा जात नाही. अट एवढीच की भुशातील ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान असावा. ओल्या भुशाच्या कांड्या यंत्रातून बाहेर पडतानाच वाफेने फुटतात. म्हणून पावसाळ्यात भुसा उघड्यावर पडू देणे म्हणजे त्याची किंमत घालवणे होय.

खत करायचे असेल तर मात्र घाई उपयोगाची नसते. भुशात नत्राच्या एका भागामागे कार्बनचे ४०० किंवा त्याहून अधिक भाग असतात, तर खत चांगले कुजण्यासाठी हे प्रमाण पंचवीस-तिसास एक असे लागते. म्हणून नुसता भुसा शेतात पसरला तर त्याला कुजवणारे जिवाणू जमिनीतील नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. शेण, कोंबडीखत किंवा हिरवा पाला यांच्याबरोबर कित्येक महिने कुजवल्यावरच तो उपयोगी ठरतो, आणि सागाचा भुसा त्यातील कीडरोधक द्रव्यांमुळे आणखी सावकाश कुजतो. पोल्ट्रीतील अंथरुणासाठी, अगरबत्तीच्या मिश्रणासाठी आणि काही प्रकारच्या अळिंब्यांच्या लागवडीसाठीही भुसा खपतो. पण यांपैकी कोणत्याही वापरासाठी एमडीएफचा किंवा पार्टिकल बोर्डाचा भुसा देणे गैर आहे. तुकड्यांच्या बाबतीत फिंगर जॉइंटची पद्धत, म्हणजे लहान तुकड्यांच्या टोकांना बोटांसारख्या खाचा पाडून ते एकमेकांत अडकवून चिकटवणे, फार उपकारक ठरली आहे. चीक संपल्यावर तोडलेले रबराचे झाड पूर्वी केरळात आणि मलेशियात बहुतांशी जळणातच जात असे. कीड रोखणारी प्रक्रिया आणि आखूड तुकडे जोडण्याचे हे तंत्र हाती आल्यावर त्यापासून निर्यातीच्या दर्जाचे फर्निचर बनू लागले.

आतापर्यंतचे विवेचन कचऱ्याच्या किमतीचे झाले. त्याच्या सर्वांत बारीक भागाचा प्रश्न मात्र किमतीचा नसून जिवाचा आहे. इंग्लंडमधील हाय विकम हे गाव खुर्च्यांसाठी प्रसिद्ध होते. १९६० च्या दशकात तेथील आणि जवळच्या ऑक्सफर्डमधील डॉक्टरांच्या ध्यानात आले की नाकाच्या पोकळीचा एरवी अत्यंत दुर्मीळ असलेला एक कर्करोग फर्निचर कामगारांत आश्चर्यकारक प्रमाणात आढळतो आहे. या निरीक्षणातून सुरू झालेल्या अभ्यासांची परिणती अशी झाली की १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ हीच, रसायनांशिवायही, माणसात कर्करोग घडवते असे जाहीर केले. ओक आणि बीच यांसारख्या कठीण लाकडांच्या धुळीबाबत पुरावा सर्वांत भक्कम आहे. युरोपीय संघाने कठीण लाकडाच्या धुळीची कामाच्या जागेतील मर्यादा जानेवारी २०२३ पासून घनमीटर हवेत २ मिलिग्रॅम इतकी खाली आणली आहे. दमा, त्वचेचा दाह आणि सतत वाहणारे नाक हे त्रास त्याहून कितीतरी अधिक कामगारांना होतात. साग आणि शिसव यांच्या धुळीने अंगावर पुरळ उठणे सुतारांना नवे नाही.

धोका सर्वाधिक असतो तो घासकामात, कारण करवतीचा भुसा जड असल्याने खाली बसतो, तर पॉलिश पेपर किंवा यंत्राच्या सँडरने उडालेली पूड तासन्‌तास हवेत तरंगत राहते आणि तिचा सूक्ष्म भाग थेट फुप्फुसांच्या तळाशी पोहोचतो. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवू शकत नाही. संध्याकाळी काम संपल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने यंत्रे आणि कपडे झटकण्याची सवय तर दिवसभर खाली बसलेली धूळ पुन्हा नाकापर्यंत उचलून आणते. यावरचा उपाय धूळ जेथे निर्माण होते तेथेच ओढून घेणे हा आहे. मोठ्या कारखान्यात त्यासाठी प्रत्येक यंत्राला नळ जोडून भुसा सायक्लोन नावाच्या शंक्वाकृती पात्रात नेतात, तेथे हवा गरगर फिरल्याने जड कण भिंतीला आपटून खाली पडतात आणि उरलेली पूड कापडी पिशव्यांच्या गाळणीत अडकते. लहान कारखान्याला सँडरला जोडलेला व्हॅक्यूम आणि चेहऱ्याला नीट बसणारा एन-९५ मुखपट्टा एवढे तरी परवडण्याजोगे आहे. ही पूड स्फोटकही असते, हे विसरून चालणार नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१२ साली जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन लाकूड गिरण्यांत साचलेल्या कोरड्या धुळीचे भीषण स्फोट होऊन चार कामगार मृत्युमुखी पडले आणि चाळीसहून अधिक जखमी झाले. तुळयांवर आणि दिव्यांच्या झाकणांवर साचलेला काही मिलिमीटरचा थर एका धक्क्याने हवेत उडतो आणि एका ठिणगीने पेट घेतो. फर्निचरचे बाजार आणि कारखाने यांना वारंवार लागणाऱ्या आगींकडे पाहताना ही साचलेली धूळही हिशेबात धरली पाहिजे.

महाराष्ट्राच्या शहरांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती कदाचित सर्वांत अवघड आहे. येथील फर्निचरचा मोठा हिस्सा कारखान्यात बनतच नाही, तो ग्राहकाच्या सदनिकेत बनतो. मिस्त्री आपली हत्यारे घेऊन येतो, दिवाणखान्यात तक्ते फाडले जातात आणि महिना-दीड महिन्याने प्लायवुडचे तुकडे, सनमायकाच्या कातरणी, फेविकॉलचे डबे, फुटलेल्या फरश्या आणि प्लास्टरचा चुरा एकाच गोणीत भरून राडारोडा म्हणून खाली उतरवला जातो. बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनी दुरुस्ती आणि नूतनीकरण यांतून निघालेला कचराही आपल्या व्याख्येत घेतला होता. पण लाकूड, काँक्रीट, पोलाद, विटा वेगळ्या करण्याचे स्पष्ट बंधन दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून अधिक कचरा करणाऱ्यांवर टाकले होते. एका सदनिकेचे काम या आकड्याच्या जवळपासही जात नाही. अशा हजारो सदनिकांची बेरीज मात्र लहान नसते, आणि तिला वर्गवारीची कोणतीही चाळणी लागत नाही.

येथे नगरपालिकांनी प्रभागनिहाय लाकूड संकलनाची सोय करणे, तक्ते बनवणाऱ्या कंपन्यांनी स्वच्छ तुकडे परत घेणे, हे उपाय आवश्यकच आहेत. पण ते होईपर्यंत घराचे काम काढणाऱ्या कुटुंबाच्या हातातही बरेच काही आहे. काम ठरवताना तक्त्यांच्या कापणीची यादी मागावी आणि दारांची मापे तक्त्याच्या मापाशी जुळतात का हे विचारावे. निव्वळ लाकूड एका गोणीत, प्लाय व एमडीएफचे तुकडे दुसरीत आणि बाकीचा राडारोडा तिसरीत भरला जाईल, निव्वळ लाकूड वखारीत किंवा ब्रिकेट बनवणाऱ्याकडे जाईल, तक्त्यांचे तुकडे रस्त्याकडेच्या शेकोटीसाठी किंवा इस्त्रीवाल्याच्या शेगडीसाठी कोणालाही दिले जाणार नाहीत, आणि घासकाम करणाऱ्या कारागिराला योग्य मुखपट्टा दिला जाईल, या अटी मजुरीच्या आकड्याशेजारीच, त्याच कागदावर लिहून घ्याव्यात.